दोन दारं पुरतील का?

चि. छकुले,


दोन दारांची छोटी पिकअप धंद्याला परवडेल, की घरातले सगळे म्हणतात तशी चार दारांची मोठी घ्यावी, असं तू विचारलंस. फोनवर हो-नाही सांगून टाकता आलं असतं. पण माझी उभी नोकरी मिशिगनमध्ये गाड्यांच्या सुट्या भागांचा उत्पादनखर्च मांडण्यात गेली. हा प्रश्न मी कारखान्याच्या बाजूने पुष्कळ पाहिला आहे, आणि तुझ्यामुळे आता गिऱ्हाइकाच्या बाजूने पाहते आहे. दोन्ही बाजूंची उत्तरं जुळत नाहीत. ती का जुळत नाहीत हे तुला कळलं, तर शोरूममधला माणूस काय सांगतो आणि का सांगतो, तेही कळेल.

माझं मत आधीच सांगते. तुझ्या कामाला दोन दारांची छोटी गाडीच बरोबर आहे. फक्त घरात दुसरी, मुलीला शाळेत सोडायची गाडी असली पाहिजे. ती आहेच. आणि जी गाडी अजून रस्त्यावर आलेली नाही, तिच्या भरवशावर वसंतातली कामं अंगावर घ्यायची नाहीत.

आता तुझं काम बघू. न्यू जर्सीत एडिसन, ईस्ट ब्रन्सविक, ब्रिजवॉटर या भागात तू लोकांच्या परसात गादीवाफे बांधून देतेस, मेथी-मिरची-वांग्याची रोपं लावून देतेस. त्यासाठी काय वाहायचं असतं? सीडरच्या आठ फुटी फळ्या, हातगाडी, फावडी, रोपांचे ट्रे, मातीची पोती, तू आणि तुझी एक मदतनीस. माणसं दोनच. मागच्या सीटवर बसायला कामाच्या दिवशी कुणी नसतंच. मग तिथे जॅकेटं, पाण्याच्या बाटल्या आणि चिखलाचे बूट जातात, आणि त्या जागेचे हप्ते तू सहा वर्षं भरतेस.

दोन दारं कमी केल्यावर काय मिळतं हे आकड्यांत बघ. फोर्डची मॅव्हरिक ही सध्या इथे मिळणाऱ्या सगळ्यात छोट्या पिकअपपैकी एक. ती फक्त चार दारांतच येते. लांबी साधारण साडेसोळा फूट, हौदा साडेचार फूट. तू जिच्याबद्दल विचारलंस ती स्लेट कंपनीची दोन दारांची विजेवरची पिकअप साधारण साडेचौदा फुटांची आहे, आणि तिचा हौदा पाच फुटांचा. गाडी दोन फुटांनी आखूड, तरी हौदा अर्धा फूट लांब. ब्रिजवॉटरच्या एखाद्या अरुंद ड्राइव्हवेमध्ये, जिथे घरमालकाच्या दोन गाड्या आधीच उभ्या असतात, तिथे हे दोन फूट किती कामाचे आहेत हे मी तुला सांगायला नको. आठ फुटी फळ्या तरीही बाहेर येतील. मागचा फाळका पाडून, पट्ट्याने आवळून, टोकाला लाल फडकं बांधून त्या न्याव्या लागतील. मोठ्या गाडीलाही हे चुकत नाही, कारण चार दारांच्या बहुतेक मोठ्या पिकअपचा हौदा साडेपाच फुटांचाच असतो.

वजनाचं मात्र नीट समजून घे. स्लेटने जाहीर केलेली भारक्षमता १,४०० पौंडांच्या आसपास, म्हणजे सुमारे ६३५ किलो. त्यातून तुम्ही दोघी आणि अवजारं मिळून ४०० पौंड वजा कर. राहिले १,०००. चाळीस पौंडांची पंचवीस पोती झाली की संपलं. चार फूट बाय आठ फूट, एक फूट उंचीच्या वाफ्याला ३२ घनफूट माती लागते, आणि ती घनफुटाला चाळीस पौंड धरली तरी १,२८० पौंड होते. म्हणजे एका वाफ्याची मातीसुद्धा एका खेपेत बसत नाही. गाडी ओढू शकते तेही फक्त १,००० पौंड, त्यामुळे मागे ट्रेलर लावून मातीचा प्रश्न सुटणार नाही.

हे वाचून तू मोठ्या गाडीकडे वळशील, म्हणून लगेच पुढचं सांगते. माती तू वाहूच नयेस. माती विकणारे डंप ट्रकने गिऱ्हाइकाच्या दारात आणून टाकतात, त्याचे पैसे अंदाजपत्रकात वेगळे दाखव. ज्या दिवशी खरोखर जड काही न्यायचं असेल त्या दिवशी तासाच्या भाड्याने ट्रक मिळतो. वर्षातल्या थोड्या जड दिवसांसाठी बाकीचे सगळे दिवस मोठी गाडी पोसणं, हा हिशेब मी कुठल्याही कारखान्यात मंजूर होऊ दिला नसता.

मग अशी गाडी इथल्या शोरूममध्ये का नाही? अमेरिकनांना छोटी गाडी आवडत नाही, हे सरसकट सांगितलं जाणारं उत्तर अपुरं आहे. जपानच्या डॅटसनने आपली चिमुकली पिकअप १९५९ मध्ये इथे आणली, आणि पुढे सत्तर-ऐंशीच्या दशकांत रंगारी, माळी, प्लंबर, कॉलेजातली पोरं सगळे असल्या दोन दारांच्या गाड्या चालवत होते. फोर्डची छोटी रेंजर मिनेसोटात सेंट पॉलच्या कारखान्यात डिसेंबर २०११ पर्यंत बनत होती. मग तो कारखानाच बंद झाला. २०१९ मध्ये रेंजर परत आली ती अंगाने वाढून, आणि चार दारांच्या दिमाखात. टोयोटाने टाकोमाची दोन दारांची साधी केबिन २०१४ च्या मॉडेलनंतर इथे थांबवली.

यामागे कायद्यांचा हात मोठा आहे. पहिला कायदा कोंबड्यांमुळे झाला. साठच्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेची स्वस्त कोंबडी पश्चिम जर्मनीत धडाधड विकली जात होती, तेव्हा युरोपीय बाजारसंघाने तिच्यावर जकात बसवली. उत्तर म्हणून अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी डिसेंबर १९६३ मध्ये बटाट्याचा स्टार्च, डेक्स्ट्रिन, ब्रँडी आणि हलके ट्रक यांच्यावर २५ टक्के जकात लावली. बाकीच्या वस्तूंवरची पुढे गेली, ट्रकवरची राहिली. जकात चुकवायला कंपन्यांनी काय काय केलं! हौद्याशिवाय नुसता सांगाडा आणायचा आणि हौदा इथे जोडायचा, ही वाट १९८० मध्ये बंद झाली. सुबारूने ब्रॅट नावाच्या गाडीच्या उघड्या हौद्यात दोन खुर्च्या बसवल्या, म्हणजे ती प्रवासी गाडी ठरावी. बाहेरची स्वस्त छोटी पिकअप इथे येत नाही, त्याला ही साठ वर्षांपूर्वीची कोंबडी कारण आहे.

दुसरा नियम इंधनाचा. २०११ च्या मॉडेलपासून ट्रकने एका गॅलनला किती मैल द्यावेत हे त्याच्या चार चाकांमधल्या जागेवरून ठरू लागलं. जागा मोठी तर अट सैल, जागा छोटी तर अट कडक. हेतू वाईट नव्हता. पण छोटी पिकअप बनवणाऱ्याला छोट्या मोटारीइतकी काटकसर ट्रकच्या आकारात करून दाखवावी लागे, आणि त्यापेक्षा गाडी थोडी वाढवणं सोपं पडे. २०२५ च्या जुलैत झालेल्या कायद्याने या नियमाचा दंड शून्यावर आणला. त्याचा परिणाम शोरूममध्ये दिसायला काही वर्षं जातील, कारण नवी गाडी आखायला तेवढा काळ लागतोच.

आणि तिसरं कारण माझ्या जुन्या टेबलावरचं. गाडी आखूड केली म्हणून तिचा खर्च त्या प्रमाणात उतरत नाही. इंजिन तेच, ब्रेक तेच, एअरबॅग त्याच, टक्कर-चाचण्या पुन्हा वेगळ्या करायच्या, केबिनचे साचे वेगळे पाडायचे. दोन दारं आणि मागची सीट काढून कारखान्याचे जे थोडे पैसे वाचतात, त्याच्या कितीतरी पट सवलत गिऱ्हाईक मागतं. उलट तीच दोन दारं लावली की एका गाडीत कामही होतं आणि कुटुंबही बसतं, आणि माणूस हजारो डॉलर जास्त द्यायला तयार होतो. मग दोन दारांची गाडी घेणारे उरतात ते नगरपालिका, वीज कंपन्या, मोठे ठेकेदार. ते घाऊक घेतात, घासाघीस करतात, नफा राहू देत नाहीत. म्हणून मोठ्या पिकअपमध्ये दोन दारांची साधी केबिन अजून मिळते, लांब हौद्यासह. किंमत चाळीस हजारांच्या घरात. छोट्या गाडीत तीच केबिन कुणालाच परवडेना, म्हणून ती गेली. बनवणाऱ्याला तोटा आणि वापरणाऱ्याला फायदा, असं या एकाच वस्तूचं झालं आहे.

आपल्या माणसांनीही हा प्रयत्न करून पाहिला, हे तुला ठाऊक नसेल, तू तेव्हा शाळेत होतीस. नाशिकला महिंद्राची स्कॉर्पिओ २००२ पासून बनत होती. तिच्यावर बेतलेली डिझेल पिकअप अमेरिकेत विकायची, म्हणून २००६ मध्ये महिंद्राने जॉर्जिया राज्यातल्या ग्लोबल व्हेइकल्स नावाच्या वितरकाशी करार केला. टीआर२० ही दोन दारांची, टीआर४० चार दारांची, दोन्हींत २.२ लिटरचं इंजिन. इथे शेकडो डीलरांनी पैसे भरून विक्रीचे हक्क घेतले. मिशिगनमधल्या आम्हा मराठी मंडळींना त्या वेळी केवढा हुरूप आला होता! नाशिकच्या ओळखीची गाडी डेट्रॉइटच्या अंगणात उभी राहणार म्हणून आम्ही तिची एकेक बातमी वाचून एकमेकांना कळवत होतो. गाडी येण्याची तारीख पुढे पुढे जात राहिली. ऑगस्ट २०१० मध्ये पर्यावरण खात्याचं प्रमाणपत्र मिळालं, पण तोवर वितरक आणि कंपनी यांच्यात भांडण जुंपलं होतं. ते लंडनच्या लवादापुढे गेलं आणि २०१२ मध्ये निकाल महिंद्राच्या बाजूने लागला. अमेरिकेत एकही पिकअप विकली गेली नाही. चूक कोणाची, यात मला शिरायचं नाही. त्या डीलरांपैकी ज्यांनी या गाडीसाठी जागा राखून ठेवली, माणसं नेमली, त्यांचं काय झालं असेल, हे मात्र मी नेहमी मनात आणते.

म्हणून स्लेटकडे मी आशेने बघते, पण हात राखून. एप्रिल २०२५ मध्ये कॅलिफोर्नियात त्यांनी गाडी दाखवली. जेफ बेझोस यांचं पाठबळ आहे, कारखाना इंडियानात वॉर्सॉ गावी एका जुन्या छापखान्याच्या जागेत. त्यांनी खर्च जिथे कापला आहे तिथे माझ्यासारखीला मान डोलवावीशी वाटते. गाडीला रंग नाही. बाहेरचे भाग राखाडी प्लॅस्टिकचे, त्यामुळे पत्रे दाबायची यंत्रं नकोत आणि रंगशाळा नको. रंगशाळा म्हणजे मोटारीच्या कारखान्यातल्या सगळ्यात महागड्या विभागांपैकी एक. रेडिओ नाही, मधला मोठा पडदा नाही, काचा हाताने फिरवून खालीवर करायच्या. मूळ गाडी एकाच प्रकारची, बाकी हवं ते नंतर लावून घ्या. साधी बॅटरी सुमारे १५० मैलांची, मोठी २४० मैलांची. तुझं काम दोन कौंटीत चालतं, साधी बॅटरी पुरेल. थंडीत पल्ला घटतो, पण कडाक्याच्या थंडीत तुझं कामच बंद असतं.

एक गोष्ट माझ्या नजरेतून सुटली नाही. याच गाडीवर टप आणि मागची सीट बसवून पाच जणांची गाडी करण्याचं किटही ते देणार आहेत. दोन माणसांच्या गाडीवर सगळा कारखाना उभा राहील, याची त्यांनाही पुरती खात्री नाही.

किमतीचं काय झालं तेही बघ. जाहिरात होती वीस हजार डॉलरच्या आतली, पण त्यात साडेसात हजारांची केंद्र सरकारची करसवलत धरलेली होती. जुलै २०२५ च्या त्याच कायद्याने ती सवलत ३० सप्टेंबर २०२५ नंतर बंद केली, धंद्याच्या गाड्यांची वेगळी सवलतही त्याच दिवशी संपली. कंपनी मग पंचवीस हजारांच्या आसपासचा आकडा सांगू लागली. मॅव्हरिकचाही अनुभव असाच. २०२१ मध्ये ती १९,९९५ डॉलरला जाहीर झाली, चार वर्षांत अठ्ठावीस हजारांच्या घरात गेली. शिवाय न्यू जर्सीत विजेच्या गाडीला नोंदणीच्या वेळीच जास्तीची फी चार वर्षांची एकदम द्यावी लागते, एक हजार डॉलरच्या वर. हे शोरूममध्ये कुणी आपणहून सांगत नाही.

आता हप्त्यांचं बोलू, कारण माझी झोप त्यानेच उडते. साठ हजारांची चार दारांची मोठी पिकअप, सहा वर्षांचं कर्ज, आठ टक्के व्याज धरलं तर महिन्याला साधारण १,०५० डॉलर. सव्वीस हजारांची छोटी गाडी त्याच अटींवर ४५५. फरक सहाशेच्या जवळ. तुझी कमाई मार्च ते ऑक्टोबर. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हप्ता मात्र थांबत नाही. मोठ्या गाडीच्या हप्त्याखाली दबलेले बागकाम करणारे, छप्परवाले मी पाहिले आहेत. कामात कुणी कमी नव्हतं. हिवाळ्यात गाडी अंगणात उभी असते आणि माणूस दुसऱ्याकडे रोजावर जातो, ते तिचा हप्ता भरायला. तुला त्या जागी मला बघायचं नाही.

तुझ्या आजोळी, आपल्या जुन्नर तालुक्यात, गोष्ट वेगळी होती. टाटांची एस मे २००५ मध्ये आली. सातशे सीसीचं दोन सिलिंडरचं डिझेल इंजिन, पाऊण टन माल, दोन दारं. लोक तिला छोटा हत्ती म्हणू लागले आणि २०१७ पर्यंत वीस लाख गाड्या गेल्या. तिथे चार दारांचा विचारही कुणाच्या मनात आला नाही. नारायणगावच्या टोमॅटो बाजारात हंगामात पहाटेपासून क्रेट भरलेल्या पिकअपांची रांग लागते. तुझ्या मामाची गाडी आधी घरचा माल नेई, मग शेजाऱ्याचा, हंगाम संपला की कुणाचा मांडव, कुणाचं सिमेंट. गाडी एक दिवस उभी राहिली तर तो बेचैन होई. तिथे गाडी भाडं कमावते, ती स्वतःच धंदा आहे. तुझ्याकडे भाडं कुणी देत नाही. तुझी कमाई वाफ्यातून होते आणि गाडी हे अवजार आहे. म्हणून तुझी गाडी स्वस्तच हवी, मामाची महाग असली तरी चाललं असतं. मामाचं उदाहरण देऊन तुला कुणी मोठी गाडी घ्यायला सांगेल तेव्हा हा फरक लक्षात ठेव.

तोवर काय करायचं? जुनी रेंजर किंवा साध्या केबिनची जुनी टाकोमा मिळाली तर बघ, पण आता त्या दहा वर्षांच्या वरच्याच असणार आणि आपल्याकडे रस्त्यावर मीठ पडतं. गाडी लिफ्टवर चढवून खालचा सांगाडा हातोडीने ठोकून पाहिल्याशिवाय पैसे देऊ नकोस. ते जमलं नाही तर येता हंगाम घरात आहे त्या मिनीव्हॅनवरच काढ. फळ्यांसाठी एक हलका ट्रेलर घे, मात्र व्हॅन किती ओढू शकते ते मॅन्युअलमध्ये आधी बघ. स्लेटचं पन्नास डॉलरचं बुकिंग परत मिळणारं आहे, ते कर. गाड्या रस्त्यावर आल्या, पहिला हिवाळा त्यांनी काढला, न्यू जर्सीत दुरुस्ती कोण करणार ते कळलं, की मग घे. पहिल्या वर्षीच्या गाड्यांत दोष निघतात, ते दुसऱ्यांच्या पैशांनी निघू देत.

मैलांची वही मात्र आजपासून ठेव. आयकर खात्याने २०२५ साठी धंद्याच्या मैलाला ७० सेंटचा दर ठरवला होता. नऊ हजार मैल झाले तर ६,३०० डॉलरची वजावट. छोट्या गाडीचा खरा खर्च या दराच्या खाली राहतो, म्हणून हा दर तुझ्या फायद्याचा. पण नव्या गाडीला तो पहिल्या वर्षापासूनच निवडावा लागतो. पहिल्याच वर्षी घसारा एकदम घेतलास तर त्या गाडीपुरती ही वाट बंद. तुमचे अकाउंटंट घाईत असतील तर त्यांना हे आठवणीने विचार.

आणि विम्याचे आकडे मागव, धंद्याच्या वापराचे, घरगुती नव्हे. एक मॅव्हरिकसाठी, एक मोठ्या चार दारांच्या गाडीसाठी, एक जुन्या टाकोमासाठी. तिन्ही हाती आले की मला पाठव. मागच्या हंगामातल्या खेपांची यादी, कुठे गेलीस आणि काय नेलंस, तीही सोबत दे. जावईबापूंना सांग की मोठ्या गाडीची त्यांची कारणं मलाही ऐकायची आहेत, त्यांनी फोनवर जरूर बसावं. रविवारी दुपारी तिघं मिळून बसू आणि हिशेब पूर्ण करू.

छोटीला गोड पापा.

तुझी,
मावशी